सात नंबरच्या खाटेचा आकडा

हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या हाताला पेन धरवत नाही, आणि धरलंच तरी तो हात त्याला घेऊन भलतीकडेच जातो. अक्षर लहान पोरासारखं येतं, म्हणून माझी मुलगी रेश्मा हे सगळं दुसऱ्या वहीत नीट उतरवून घेते. मध्येच थांबून विचारते, "आई, हेपण लिहायचं?" मी म्हणते, लिही. माझ्या फिजिओथेरपीच्या बाईंचं म्हणणं आहे की, असाच आजार झालेल्या कुणाला तरी याचा उपयोग होईल. त्यांच्याकडे येणारी माणसं फार घाबरलेली असतात. मी त्यांना 'घाबरू नका' असं काही सांगणार नाही. मी स्वतः घाबरले होते. अजूनही सकाळी जाग आली की आधी तोंडातल्या तोंडात स्वतःचं नाव म्हणून बघते, ते नीट आलं की मग पाय खाली ठेवते.

डेअरीतली सकाळ

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. गावात बायकांची दूध संस्था आहे, तिथे मी चौदा वर्षं टेस्टर होते. काम असं, की आलेल्या दुधातलं वाटीभर दूध मशीनला लावायचं, मशीनवर लाल आकडा उमटतो ती त्या दुधाची फॅट. तो आकडा मोठ्याने सांगायचा आणि रजिस्टरात लिहायचा. टेबलाच्या पलीकडे रांगेतल्या बायका मान वाकडी करून उभ्या असतात. मी लिहिते ते खरं आहे का, ते त्या बघतात. वर्षानुवर्षं असं बघून आमच्या गावातल्या माणसांना उलटे आकडे सरळ आकड्यांइतकेच झटकन वाचता येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच घोटाळा झाला.

मी कडक होते. कुणी म्हणायची, "बाई, म्हस आजारी हाय, परत एकदा लावून बघा की." मी मान वर न करता म्हणायची, "मी सांगत न्हाय, मशीन सांगतंय. चला, पुढची." आकडा म्हणजे आकडा, त्याच्याशी वाद कसला घालायचा, असं माझं होतं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. माझी रक्तदाबाची गोळी संपून महिना झाला होता आणि डोकं दुखत नाही म्हणजे दाब नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. त्या सकाळी रांग चालू असताना कपाळात काहीतरी सटकल्यासारखं झालं. समोर मशीनवर सहा पॉइंट आठ दिसत होतं. मला ते दिसत होतं, कळत होतं, आणि तोंडातून निघत नव्हतं. मी "ह… ह…" करत राहिले. रांगेतली गौरा हसायला लागली, तिला वाटलं मी तिची चेष्टा करतेय. मग हातातली पेन्सिल पडली. ती उचलायला वाकले ती तशीच खाली गेले.

त्या वेळेला गावात उभी असलेली एकच गाडी होती, ती म्हणजे दुधाचा टेम्पो. कॅन एका बाजूला सरकवून बायकांनी मला त्यात झोपवलं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा तानाजी, धावत आले ते मागच्या फळीला धरूनच चढले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला कॅन एकमेकांवर आपटत होते आणि मालक माझं डोकं मांडीवर घेऊन ड्रायव्हरला शिव्या घालत होते. त्यांचा तो आवाज कानावर पडत होता तोवर मी जिवंत आहे, एवढं मला कळत होतं.

बहात्तर तास

कोल्हापुरात एका खाजगी दवाखान्यात नेलं. डोक्याचा स्कॅन झाला. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून मालकांना दाखवली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झालाय, उजवं अंग आणि बोलणं गेलंय, ऑपरेशन सध्या नको, बहात्तर तास बघू. मालकांनी विचारलं, "बहात्तर तासांनी काय हुतंय?" डॉक्टर म्हणाले, "कळतं." मालक तरुणपणी तालमीत कुस्ती खेळलेले. भिडायला समोर कुणी असेल तर त्यांना भीती वाटत नाही. इथे समोर नुसतं घड्याळ होतं.

माणसाला बोलता येत नसलं की लोक धरून चालतात, त्याला ऐकूही येत नाही. मला सगळं ऐकू येत होतं आणि कळतही होतं. रेश्मा तेव्हा बारावीला होती. ती खाटेशी येऊन "आई, मी कोण?" असं विचारायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं तू रेश्मा, माझी पोर. तोंडातून फक्त "त… त…" यायचं. ती तोंड फिरवून बाहेर जायची. बहात्तर तास मला दुखण्याची भीती वाटली नाही, मरणाचीही फारशी वाटली नाही. आपण अशाच आत अडकून राहणार, बाहेर सगळे आपल्याला नसल्यासारखं धरून जगत राहणार, ही ती भीती होती. तिच्यावर दवाखान्यात औषध नव्हतं.

अभ्यासाचं रक्त

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या, बोलायला गोड. त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी मालकांना समजावून सांगितलं की, मेंदूत एक प्रोटीन असतं, ते रक्तात किती आलंय ते दर दोन दिवसांनी बघायचं, आणि त्यावरून पेशंट पुढे किती सुधारेल याचा अंदाज बांधता येतो का, ते त्या तपासत होत्या. उपचाराशी याचा संबंध नाही, आकडा नातेवाइकांना सांगता येणार नाही, हेही सांगितलं. त्या प्रोटीनचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं होतं, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावर असतं तसं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, सही केली, आणि त्यातला 'प्रोटीन' एवढा एकच शब्द घेऊन ते बाहेर गेले.

रक्त पुण्याला जायचं. आकडा फोनवर यायचा आणि डॉक्टरीणबाई तो आपल्या रजिस्टरात लिहायच्या. पहिला आकडा आला त्या दिवशी सकाळी मी डोळे मिटून पडले होते. त्यांना वाटलं, झोपलेय. माझ्या पायाशी उभं राहून त्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, सात नंबरचा खूपच वर गेलाय. आठ नंबरचा अगदी कमी आहे."

मोठे डॉक्टर म्हणाले, "जास्त म्हणजे आत जास्त बिघडलंय. आठचं ऑपरेशन नीट पार पडलं तर तो चालत घरी जाईल. सातचं बोलणं काही परत येईल असं वाटत नाही. हातही कठीण आहे."

ते पुढच्या खाटेकडे गेले. माझ्या खाटेच्या डोक्याशी पत्र्याची पाटी होती, तिच्यावर सात लिहिलेलं होतं. मी तशीच डोळे मिटून राहिले. उघडले असते तर त्यांना कळलं असतं की मी ऐकलंय, आणि मग ते खरं झालं असतं, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले होते, आकडा म्हणजे आकडा. आता मी कुणाला म्हणणार होते, परत एकदा लावून बघा? आणि म्हणणार तरी कुठल्या तोंडाने?

एक सांगते. तो आकडा किती होता ते मला माहीत आहे. इथे मी तो लिहिणार नाही. हे वाचणारं कुणीतरी आपल्या माणसाचा आकडा त्याच्याशी ताडून बघेल.

पेढे

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई नर्सच्या टेबलावर रजिस्टर उघडून काही लिहीत होत्या आणि मालक पलीकडे उभे होते. त्यांना उलटं वाचायला कितीसा वेळ लागतो! सात नंबरसमोर मोठा आकडा, आठ नंबरसमोर बारका. ते तसेच माझ्याकडे आले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता.

"सुनंदा, तुझं प्रोटीन लई वाढलंय! आक्ख्या वार्डात तुझंच जास्त. रक्तातच ताकद हाय तुझ्या, डाक्टरला काय म्हाईत!"

तालमीत वाढलेला माणूस आणि घरात दुधाचा धंदा. जास्त म्हणजे चांगलं, यापलीकडे त्यांनी जन्मात आकडा पाहिलाच नव्हता. फॅट जास्त ती चांगली, खुराक जास्त तो चांगला, मग प्रोटीन जास्त झालं म्हणून कुणी घाबरेल का? ते खाली गेले आणि पेढे घेऊन आले. नर्सला दिला, झाडूवाल्या मावशीला दिला, रेश्माच्या तोंडात कोंबला. रेश्मा रडत रडत हसत होती. माझ्या नाकात नळी होती म्हणून त्यांनी पेढा नुसता माझ्या ओठांना लावला.

मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या मरणाच्या खुणेचे पेढे वाटतोय हा माणूस, आणि मला ते सांगता येत नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते माझ्याच पदराच्या टोकाने पुसत मालक म्हणाले, "आनंदानं रडतीया बघ."

दोन दिवसांनी दुसरा आकडा आला. तो पहिल्याहून मोठा होता. पुन्हा पेढे आले.

आठ नंबर

आठ नंबरच्या खाटेवर कागलचे अण्णा कांबळे होते. एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. सारी हयात कोल्हापूर–गगनबावडा गाडीवर काढलेली. त्यांच्या मेंदूतली एक शीर फुटून थोडं रक्त सांडलं होतं. ती पुन्हा फुटू नये म्हणून त्यांना हलायला बंदी होती, आणि शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. बोलायला मात्र बंदी नव्हती. खाटेशेजारच्या कपाटावर बुद्धाची छोटी तसबीर, आणि तिच्याशेजारी तंबाखूची रिकामी डबी. डबी नुसती हातात धरायला मागून घेतली होती.

"ताई," ते छताकडे बघत मला म्हणायचे, "तुमास्नी बोलाय येत न्हाय, त्ये एक बरं हाय. आमचं ऐकाय कोणतरी पायजेच की." आणि मग घाटाच्या गोष्टी. एकदा मी फार कण्हत होते तेव्हा म्हणाले, "बावड्याच्या घाटात धुकं पडलं की म्होरचं कायबी दिसत न्हाय. तवा गाडी हाणायची न्हाय. फुडचं दोन हात दिसतंय न्हवं, तेवढंच बघायचं. तसं करा." ते मी करून बघितलं. पुढचा एक श्वास, मग त्याच्या पुढचा. दवाखान्यात मला मिळालेलं सगळ्यात कामाचं औषध ते होतं, आणि ते कुणी लिहून दिलं नव्हतं.

त्यांची बायको, शांताक्का, आल्या दिवसापासून त्याच साडीत स्टुलावर बसून होती. गर्दी नको म्हणून नर्स तिला सारखी बाहेर काढायची आणि ती सारखी आत यायची. मालकांनी तिलाही आकडा सांगितला. चांगल्या मनाने सांगितला, हे मला सांगायलाच हवं.

"आक्का, तुमच्या अण्णांचं प्रोटीन लई कमी आलंय. आमच्या हिचं बघा कसं वाढलं. त्यांस्नी खुराक पायजे. अंडी चारा, मूग चारा. बकऱ्याच्या पायाचं सूप द्या, त्याच्यावानी काय न्हाय."

शांताक्काचा चेहरा पांढरा पडला. "कमी हाय? मी रोज घरनं भाकरी मागवत हुते की वो. त्यांनीच खाल्ली न्हाय."

"वाढंल की. घाबरू नगा."

दोन हातांच्या अंतरावर मी पडलेले होते. अण्णांचा आकडा चांगला आहे, कमी तेच चांगलं, ते चालत घरी जाणार आहेत, हे त्या खोलीत डॉक्टरांखेरीज फक्त मला माहीत होतं. त्या दिवसापासून शांताक्का अण्णांच्या मागे लागली. एक घास खावा, अजून एक. अण्णा वैतागायचे. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "आकडा वाढाय नगं व्हय?"

सूप

गुरुवारी सकाळी शांताक्का पिशवी घेऊन उठली. कागलला जाऊन पायाचं सूप करून आणते म्हणाली. ती माझ्या खाटेजवळून जायला लागली तशी मी डाव्या हाताने तिचा पदर धरला. जेवढा जोर होता तेवढा लावला. जाऊ नका, आकडा चांगला आहे, त्यांच्याजवळ बसा. हे सगळं माझ्या डोक्यात लख्ख होतं. तोंडातून आलं, "त… त… त…"

ती घाबरली. "काय हुतंय, ताई? पाणी? थांबा, शिस्टरला बोलवते." तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. नर्स आली आणि माझ्या खाली भांडं सरकवून गेली. मी भांड्यावर पडून रडले. शांताक्का गेली.

ती गेल्यावर अण्णा बराच वेळ बोलत होते. शांताक्काबद्दलच काहीबाही, आंघोळ, सूप, सून. माझं लक्ष नव्हतं. त्या दिवशी माझा तिसरा आकडा येणार होता आणि मी दाराकडे बघत होते. मग ते थांबले. थोड्या वेळाने घशातून एक आवाज आला, गाडी बंद पडताना येतो तसा. डबी फरशीवर पडली. नर्स धावली, डॉक्टर धावले, मध्ये पडदा ओढला गेला. पडद्याखालून मला फक्त पाय दिसत होते. आधी खूप पाय, मग कमी, मग एकच जोडी.

शीर पुन्हा फुटली होती. ऑपरेशनला एक दिवस राहिला होता.

चार वाजता शांताक्का आली. डब्याच्या झाकणाला फडकं बांधलेलं होतं, सांडू नये म्हणून. खाट रिकामी होती, चादरही काढलेली. तिने आधी खाटेकडे बघितलं, मग नंबराच्या पाटीकडे, आपण चुकीच्या खाटेशी तर आलो नाही ना म्हणून. मालकांनी तिला कसंतरी खाली बसवलं. ती रडली नाही. डबा मांडीवर घेऊन मालकांना म्हणाली, "आकडा वाढायच्या आतच गेलं वो. मी एक दिस आदी आणाय पायजे हुतं."

माझा तिसरा आकडा संध्याकाळी आला. तो उतरला होता. मालकांचं तोंड पडलं, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा, शेजारी रिकामी खाट असताना, सुटल्यासारखा श्वास घेतला. त्याची मला अजून लाज वाटते.

चार

खरं काय ते घरी सोडायच्या दिवशी बाहेर आलं. रेश्माने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "आईचं प्रोटीन आता कमी झालंय, तर काय खायला द्यायचं?" त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले. मग शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं परत एकदा समजावून सांगितलं. मालक भिंतीला टेकून ऐकत होते. घरी आल्यावर म्हशींच्या गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसले. त्यांच्याकडून तो विषय मग कित्येक महिने निघाला नाही. मला भरवताना मध्येच त्यांचा हात थांबायचा, तेव्हा मला कळायचं ते कुठे आहेत.

घरातली चिडचिड फार झाली. रेश्माचं बारावीचं वर्ष माझ्या अंथरुणाशी गेलं, आणि एकदा ती मला म्हणाली, "आई, तू निदान ओरड तरी गं माझ्यावर." मालक तिच्यावर खेकसले. मी ताट ढकलून दिलं. अशी भांडणं ज्यांच्या घरात होत असतील त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सगळ्यांच्या घरात होतात, कुणी सांगत नाही एवढंच.

बोलणं परत आलं ते असं. फिजिओथेरपीच्या बाई माझा उजवा पाय उचलून मोजत होत्या, "एक, दोन, तीन…" त्यांना खोकला आला. मी म्हणाले, "चार." माझं मलाच कळलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "पुढे?" मी म्हणाले, "पाच. सहा. सात." आठला येऊन थांबले. बाहेर रेश्माने हातातली बादली सोडून दिली. बाईंनी सांगितलं, मोजणं हे मेंदूत दुसऱ्या वाटेने साठलेलं असतं, म्हणून कधीकधी ते आधी येतं. चौदा वर्षं आकडे ओरडले त्याचं फळ, असं मला वाटतं. स्वतःचं नाव घ्यायला त्यानंतर दोन महिने लागले. पाच शब्दांचं वाक्य जुळवायला पावसाळा उलटला.

हात आला नाही. मोठे डॉक्टर हाताबद्दल बरोबर निघाले.

पुढे डॉक्टरीणबाईंचा फोन आला. अभ्यास पूर्ण झाला होता. त्यांनी सगळ्या पेशंटांचे ठिपके एका आलेखावर मांडले होते आणि बहुतेक ठिपके एका रेषेच्या आसपास होते. "तुमचा एकटाच लांब पडलाय," त्या हसून म्हणाल्या. "इतका आकडा असून बोलणारं दुसरं कुणी नाही." मी विचारलं, "आठ… आठ नंबर?" त्या म्हणाल्या, "तोही एकटाच आहे. रेषेच्या खूप खाली." मग म्हणाल्या, "रेष खोटी नाही, ताई. पण ती गर्दीची रेष असते. एका माणसाला धरून ती काही सांगत नाही." हे त्यांनी आधी का नाही सांगितलं, असं मला म्हणायचं होतं. वाक्य जुळवेपर्यंत फोन ठेवला गेला.

कागल

मला एक वाक्य बोलायचं होतं. फिजिओथेरपीच्या बाईंकडे मी तेच घोकत होते: 'अण्णांचा आकडा चांगला होता.' चारच शब्द, पण जोडाक्षर आलं की माझी जीभ अडते. ती अडायची थांबली तसं मी मालकांना म्हणाले, "कागल." त्यांनी काही विचारलं नाही. टोपी चढवली.

शांताक्काचं घर मोठ्या रस्त्यापासून जरा आत, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, तिच्याखाली खाकी कपड्यातल्या अण्णांचा फोटो. सून चहा ठेवून कामाला निघून गेली. मालक बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आक्का, माझी चूक झाली. मी उलटं सांगितलं तुमास्नी."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी बोलले. एकही अक्षर अडलं नाही.

"अण्णांचा आकडा चांगला होता."

मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. आपण खुराकाला कमी पडलो, हे तरी मनातून जाईल.

"म्हंजे कमी हुता त्येच चांगलं हुतं?"

"व्हय."

"मग मी उगंच गेलते व्हय घरला?"

मी एवढे महिने हे एकच वाक्य घेऊन आले होते आणि ते देऊन झालं होतं. पुढचं माझ्याकडे काही नव्हतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं, आणि पळायला पाय कुठे धड आहेत! मी फोटोकडे बघत बसले. तेव्हा मला ते आठवलं. लक्ष नसताना कानावर पडलेलं, छताकडे बघत बोललेलं, जसंच्या तसं.

*मीच धाडली तिला, ताई. पाच-सा दिस झालं अंगाला पाणी न्हाय. जा म्हणलं तर जाईना. मग म्हणलं, पायाचं सूप पायजे, तुज्याच हातचं, सुनंच्या हातचं नगं. गेली बघा लगीच. आता आंघोळ करंल, दोन घास खाईल, जरा पडंल. सूप कसलं, मला त्येचा वास बी सोसत न्हाय.*

एवढं सगळं मला म्हणायचं होतं आणि घोकलेलं काहीच नव्हतं. जीभ टाळूला चिकटली. "आं…" मी म्हणाले. "आं… आं…" मालक पुढे झाले, त्यांना वाटलं मला काही होतंय. मी डाव्या हाताने त्यांना मागे सारलं.

"आंघोळ," मी म्हणाले. "तुमची आंघोळ. दोन घास. अण्णांनी… धाडलं. सूप नको होतं. वास… वास…"

शांताक्काने तोंडावर पदर धरला. मला वाटलं, मी पुन्हा भलतंच केलं. पण ती पुटपुटत होती, "सोसतच न्हवता. जन्मात कधी तोंडाला लावलं न्हाय त्यांनी. मी म्हणलं, आजारात चव बदलली आसंल." ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. मग तिने पदर खाली घेतला आणि दाराकडे एकदा बघून घेतलं, सून नाही ना म्हणून.

"मी न्हाले हुते त्या दिशी," ती म्हणाली. "डोईवरनं न्हाले. सूप शिजतंय तवर जेवले बी. आन् घटकाभर पडले, ताई. डोळा लागला माजा. तवाच गेलं आसतील बघा त्ये. आजवर कुणाला सांगितलं न्हाय मी."

चहा गार झाला होता. तिने तो बशीत ओतला, बशी माझ्या तोंडाशी धरली, आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.

"बरं केलंत," मी म्हणाले.

हे काही मी घोकून गेले नव्हते.